लस दिली होती, तरी मानमोडी आली

परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून बाहेर पडून राजापूर तालुक्यात प्रॅक्टिस सुरू केली, तेव्हा कोंबड्यांचं काम मला सोपं वाटलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात एका काकांच्या ४५० पक्ष्यांपैकी जवळजवळ ३०० माझ्या डोळ्यांदेखत गेले. काका आजही बाजारात दिसले की पोटात कालवतं. लसींचं वेळापत्रक आणि रोगांची लक्षणं तुम्हा नव्या डॉक्टरांना पाठ असतील, ती उगाळत नाही. मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

पिल्लं मे महिन्यात आली. सातव्या दिवशी रानीखेतवरच्या, म्हणजेच मानमोडीवरच्या, लासोटा लसीचा थेंब मी स्वतः प्रत्येकाच्या डोळ्यात घातला. २८व्या दिवशी बूस्टर होता, पण पाऊस कोसळत होता आणि वाटेवरचा साकव पाण्याखाली. मी फोनवरच सांगितलं, "काका, पाण्यातून द्या, दोन तासांत संपवा." त्यांनी अगदी तसंच केलं आणि वहीत तारीख लिहून ठेवली.

गटारीला पंधरा दिवस उरले असताना पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसायला लागले. हिरवट हगवण. मी वही उघडली, लस दोनदा झालेली दिसली आणि मनाशी म्हटलं, रानीखेत नाही. तिथेच घात झाला. खाली अंथरलेला भाताचा तूस भिजून त्याची ढेकळं झाली होती. मेलेला एक पक्षी फाडला, आंधळ्या आतड्यात रक्त सापडलं, कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा रोग, म्हणून त्यावरचं अ‍ॅम्प्रोलियम सुरू केलं. कॉक्सिडिया होतेच, कोकणातल्या जुलैत ओल्या तुसात ते नसतील तरच नवल. पण पक्षी मरत होते दुसऱ्याच कशाने. चौथ्या दिवशी माना पिळवटू लागल्या. 'मानमोडी' हे नाव आपल्या लोकांनी हेच बघून ठेवलंय.

जवळच्या वाडीत एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडून आणखी पाच पक्षी फाडून घेतले. पेट्याच्या आधीच्या जठरात ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके, आतड्यातही रक्तस्राव. ही रानीखेतची खूण. मग त्यांनी काकांना विचारलं, "पाणी कुठलं पाजलंत?" विहिरीचं. "त्यात टीसीएलची जंतुनाशक पावडर कधी पडली?" काका म्हणाले, "त्याच आठवड्यात. पाऊस लागला की ग्रामपंचायत सगळ्याच विहिरींत टाकते."

हे सावकाश वाचा, कारण पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं. लासोटा ही जिवंत विषाणूची लस आहे. टीसीएलमधला क्लोरीन विहिरीतले जंतू मारतो, तसाच लसीतला विषाणूही मारतो. काकांच्या कोंबड्या त्या दिवशी नुसतं पाणी प्यायल्या. वहीतली तारीख खरी होती, लस मात्र मेलेली होती. आणि मी त्या वहीवर विसंबून चार दिवस घालवले.

आता मी लसीकरणाला जाताना पाण्यातला क्लोरीन ओळखायची ओटी टेस्टची बाटली बरोबर नेते, गावच्या जलसुरक्षकाकडे असते तीच. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला की ते पाणी लसीला चालत नाही. दुसरं पाणी मिळतच नसेल तर लस घालायच्या अर्धा तास आधी लिटरमागे अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर विरघळवायची. तीही क्लोरीन थोडाच असेल तर उपयोगी. भांडी जंतुनाशकाने धुतलेली नकोत. आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवायचं आणि भांडी इतकी मांडायची की दुबळ्या पक्ष्यालाही चोच बुडवता आली पाहिजे. लस बर्फाच्या थर्मासातूनच न्यायची. पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा त्या फ्रिजमधली कुपी जीव जड झाला तरी फेकून द्या. आणि पक्षी हजाराच्या आत असतील तर बूस्टरचाही थेंब डोळ्यातच घाला. कंबर दुखेल, दुखू दे.

रानीखेतवर औषध नाही. तरीही औषध कंपनीचा माणूस बाटली पुढे करेल आणि आजूबाजूचे सीनियर "एन्रो टाक, बघू" म्हणत अँटिबायोटिक सुचवतील. माझं मत स्पष्ट आहे: पक्षी न फाडता अँटिबायोटिक लिहिणाऱ्याच्या हाताखाली शिकू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघून निदानही करू नका.

फाडण्याआधी एक गोष्ट मात्र विचारा. आजूबाजूला कावळे, बदकं मेली आहेत का? अचानक ढिगाने मरतुक आहे का? असेल तर सुरीला हात लावू नका. बर्ड फ्लू आणि रानीखेत नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीच्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा आपल्याकडे येत नाही असं समजू नका. ताबडतोब तालुक्याच्या पशुसंवर्धन खात्याला कळवा. असे नमुने शेवटी भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. एरवी तपासणीला पक्षी पाठवायचा तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवा. डीप फ्रीझरमध्ये गोठवलात तर ऊतींची तपासणी वाया जाते.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचं थोडक्यात सांगते. बजी किंवा कॉकाटील छातीभोवती घट्ट धरू नका. पक्ष्याला श्वासपटल नसतं, छातीचं हाड हललं तरच श्वास चालतो. भीतीने आवळलेल्या मुठीत तो गुदमरतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. बजी जेमतेम ३०-४० ग्रॅमचा, त्यातले चार ग्रॅम कमी झाले म्हणजे तो आजारीच, मग कितीही किलबिलाट करो. आणि कोणी रानातला हिरवा पोपट आणला तर तो पाळणं कायद्याने गुन्हा आहे हे तोंडावर सांगा. उपचार मात्र करा.

पहिल्या वर्षी चुका होतील. माझ्या झाल्या तेव्हा काम सोडावंसं वाटलं होतं, आठवडाभर फोन उचलत नव्हते. काकांनीच घरी येऊन सांगितलं की पुढच्या मे महिन्यात पुन्हा पिल्लं आणणार. आणलीही. जूनमध्ये त्यांचा फोन आला, "डॉक्टरबाई, विहिरीत कालच टीसीएल पडलंय. लसीसाठी वरच्या झऱ्याचं पाणी भरून ठेवू काय?"

"ठेवा," म्हटलं, "पण थेंब टाकून बघूनच लस घालायची." आणि या खेपेला साकवाच्या अलीकडेच गाडी लावून चालत गेले.