कमी जादूचं कॅम्पेन कसं चालवावं: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या डीएमसाठी (डीएम म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर)

विझर्ड आणि क्लेरिक हे जादूचे क्लास (कॅरेक्टरचे पेशे) बाद केले की झालं कमी जादूचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग कथा), असं समजून सुरुवात केली तर तिसऱ्या-चौथ्या सेशनला गाडी अडते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जादू दिवाबत्ती करते, जेवू घालते, जखमा भरते, शाप उतरवते, मेलेल्याला उठवते. काही मॉन्स्टर तर तिच्याशिवाय मरतच नाहीत. ती काढली की ही सगळी कामं कशातून तरी भागवावी लागतात. कशातून, हे आधी ठरवा आणि मगच स्पेलना (मंत्रांना) हात लावा. खालचे आकडे 2014 च्या नियमांतले आहेत.

पायरी 1: आधीच सांगा

कॅरेक्टर बनवायला बसण्यापूर्वी सगळ्यांना अर्धं पान लिहून द्या: कोणते क्लास चालतील, गावातली माणसं जादू पाहून काय करतील, मेलेलं कॅरेक्टर परत येईल का. ज्याला सॉर्सरर हा जादूचा क्लासच खेळायचा होता त्याला हे खेळ सुरू झाल्यावर कळलं, तर वाद होणारच आणि चूक डीएमचीच असेल.

पायरी 2: क्लास आणि वंश चाळून घ्या

12 क्लासपैकी बार्बेरियन, फायटर, मंक आणि रोग हे चार मुळात जादूवर चालत नाहीत. त्यांचे सबक्लास (क्लासमधले उपप्रकार) मात्र तपासा. मंकच्या ‘शॅडो’ आणि ‘फोर एलिमेंट्स’ या वाटा स्पेलनीच भरलेल्या आहेत.

जादू अगदीच नको असं नसेल, तर सर्वांत सोपी तडजोड म्हणजे फायटरचा एल्ड्रिच नाइट आणि रोगचा आर्केन ट्रिकस्टर हे सबक्लास. दोघांना 3 ऱ्या लेव्हलला पहिल्या पातळीचे स्पेल मिळतात (लेव्हल कॅरेक्टरची, पातळी स्पेलची), दुसऱ्या पातळीचे 7 व्या लेव्हलला आणि तिसऱ्या पातळीचे थेट 13 व्या लेव्हलला. म्हणजे 3 ते 10 लेव्हलच्या कॅम्पेनमध्ये फायरबॉल आणि फ्लाय या तिसऱ्या पातळीच्या स्पेलचा प्रश्नच येत नाही.

खरी गोम कँट्रिपमध्ये, म्हणजे छोट्या स्पेलमध्ये आहे. मोठे स्पेल दिवसातून मोजके, पण कँट्रिप कितीही वेळा. 120 फुटांवर दिवसभर आग फेकणारा माणूस पार्टीत (खेळाडूंच्या कॅरेक्टरच्या टोळीत) असेल तर जादू दुर्मिळ आहे हे कोणाला पटणार? फायर बोल्ट, लाइट, मेंडिंग काढाच. गुडबेरीही काढा: पहिल्या पातळीच्या एका स्पेलमध्ये दहा फळं, प्रत्येक फळावर एका माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. शिधा मोजायची गरजच उरत नाही.

हाय एल्फला एक कँट्रिप, टीफ्लिंगला तीन स्पेल जन्मजात मिळतात, हेही विसरू नका. डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) तर मूळ पुस्तकातल्या मानव, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न सोडून सगळ्यांना आहे. अंधाराची भीती हवी असेल तर पार्टीत निम्मी तरी माणसं या तीन वंशांतली हवीत. तेव्हा मशालीला किंमत येते: ती एक तास जळते, 20 फूट लख्ख आणि पुढचे 20 फूट अंधूक उजेड देते आणि एक हात अडकवते.

पायरी 3: जखमांचा हिशेब

इथे सर्वांत जास्त कॅम्पेन बुडतात. डन्जन मास्टर्स गाइडमधला ‘ग्रिटी रिअॅलिझम’ हा पर्याय वातावरणाला छान जुळतो: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) 8 तासांची, लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) 7 दिवसांची. पण तो घेऊन छापील अॅडव्हेंचर जसंच्या तसं चालवलं तर पार्टी मरते, कारण दोन लाँग रेस्टमध्ये सहा ते आठ लढती असं नेहमीचं गणित आहे आणि छापील गुहेत त्या सगळ्या एकाच दुपारी येतात. त्याच लढती आठवड्याभरावर पसरा. आणि ‘तीन दिवसांत राजकुमारीचा बळी देणार’ असल्या मुदती टाळा, कारण तेवढ्यात कोणी बरंच होणार नाही.

वॉरलॉक हा जादूचा क्लास ठेवला असेल तर आणखी एक घोळ होतो. त्याचे स्पेल शॉर्ट रेस्टने परत येतात, म्हणजे आता रोज रात्री. बाकीचे आठवडाभर थांबतात आणि वॉरलॉक सगळ्यांना मागे टाकतो.

क्लेरिकच्या जागी कोणीतरी हीलर हे फीट (जादा कौशल्य) घ्यावं. त्याने हीलर्स किटचा एक वापर खर्चून 1d6 (सहा बाजूंचा एक फासा) + 4 + जखमीचे एकूण हिट डाइस (दर लेव्हलला एक) इतके हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते मोजणारे गुण) परत येतात. 3 ऱ्या लेव्हलला ते सरासरी साडेदहा होतात. तोच माणूस पुन्हा या फीटने बरा व्हायला मध्ये एक रेस्ट हवी. किट 5 सोन्याच्या नाण्यांचं, वापर 10. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14 असलेल्या 3 ऱ्या लेव्हलच्या फायटरला 28 हिट पॉइंट असतात, तेव्हा ही मदत छोटी नाही.

पायरी 4: मॉन्स्टर निवडताना

मॉन्स्टरच्या स्टॅटमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) ‘नॉनमॅजिकल’ (बिनजादूचं) हा शब्द शोधा. वेअरवुल्फला 58 हिट पॉइंट आणि आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) जेमतेम 11-12, पण साध्या शस्त्राने ओरखडाही येत नाही. चांदी चढवलेलं शस्त्र चालतं. एका शस्त्राला किंवा दहा बाणांना 100 नाणी लागतात. चौघांच्या पार्टीत एकट्याची तलवार चांदीची असेल तर बाकी तिघं बघे होतात. निदान दहा बाण तरी आणखी मिळतील, अशी सोय लढतीच्या एक सेशन आधी पेरा: देवळातली चांदी आणि ती वितळवायला कचरणारा सोनार. शिकारीची तयारी हाच तेव्हा खेळ होतो.

ट्रोल तर इथे आवर्जून वापरावा. तो दर फेरीला 10 पॉइंट भरून काढतो आणि आग किंवा अॅसिड लागलं तरच थांबतो. अॅसिडची कुपी 25 नाण्यांना मिळते आणि मशाल तर हातात असतेच. बॅसिलिस्क दगड करतो आणि ते उलटवणारा ग्रेटर रिस्टोरेशन हा स्पेल पाचव्या पातळीचा आहे. पण त्याच्याच घशातल्या द्रवापासून तेल बनवून दगड झालेला माणूस परत आणता येतो. म्हणजे त्याला मारणं आणि नीट चिरणं हाच उपचार. शॅडो हा मॉन्स्टर मात्र टाळा. साध्या शस्त्राचा मार त्याला निम्माच लागतो, उलट तो स्ट्रेंग्थ (ताकद) खातो, आणि ती शून्यावर आली की माणूस संपला.

झुंडीही आवरा. फायरबॉल नसताना वीस गॉब्लिन म्हणजे फेरीला वीस हल्ले. पार्टीच्या दुपटीच्या आतच संख्या ठेवा.

पायरी 5: जी जादू उरेल तिला वजन द्या

दुकानात हीलिंग पोशन ठेवू नका. पूर्ण कॅम्पेनमध्ये दोन-तीन पुरेत. या आवृत्तीचं गणित जादुई शस्त्रं गृहीत धरत नाही, त्यामुळे +1 तलवार (फाशावर एक जादा देणारी जादुई तलवार) न दिल्याने पारडं फिरत नाही. एकच द्या, पण ती कोणाची होती आणि आता कोण शोधतंय, हे ठरवूनच. नुसता +1 दुसऱ्या सेशनला विसरला जातो.

पायरी 6: मरणाची तयारी

मेलेल्याला उठवणारा रिव्हिव्हिफाय स्पेल नाही, म्हणजे तीन डेथ सेव्ह (पडल्यावर जगण्यासाठी टाकायचे फासे) फसले की कॅरेक्टर गेलं. पडलेल्याला सावरायला मेडिसिनचा 10 चा चेक (फासा टाकून 10 गाठणं) किंवा किटचा एक वापर लागतो. हे सगळ्यांना पाठ असू द्या. प्रत्येकाकडून एक जादा कॅरेक्टर आधीच बनवून घ्या, ते बाकीच्यांच्याच लेव्हलचं ठेवा आणि त्याच सेशनमध्ये, शक्यतो पुढच्याच प्रसंगात आत आणा. कैदी, वाटाड्या, मेलेल्याचा भाऊ, काहीही चालेल.