घरातलं रेडिएशन मोजायचंय? आधी ते ॲप डिलीट करा

समोरच्या बिल्डिंगवर टॉवर आला की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी 'रेडिएशन मोजणारं' फुकट ॲप टाकतं, पण ते ॲप फोनमधल्या होकायंत्राचा सेन्सर वाचतं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये, टॉवर नि वायफायच्या लहरींशी त्याचा काही संबंध नाही. खात्री करायची तर फोन लोखंडी कपाटाजवळ न्या, आकडा कसा उड्या मारतो बघा!

खरंच मोजायचं असेल तर आरएफ मीटर, म्हणजे रेडिओ लहरी मोजणारं यंत्र लागतं, आणि मोजताना आपला फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर त्याचंच रीडिंग घेत बसाल. मीटर अंगापासून हातभर लांब धरून हळूहळू फिरवा कारण आपलं शरीरही लहरी अडवतं, आणि एकच मोठा आकडा बघून घाबरू नका, सहा मिनिटांची सरासरी घ्या. रीडिंग व्होल्ट प्रति मीटरमध्ये आलं तर त्याचा वर्ग करून 377 ने भागा, वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. भारतात 2012 पासून टॉवरसाठी 900 मेगाहर्ट्झच्या लहरींना 0.45 वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा लागू झाली, म्हणजे साधारण 13 व्होल्ट प्रति मीटर, जी त्यावेळच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश होती. आसपासच्या टॉवरची माहिती सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर दिसते.

बाकी कानाला लावलेल्या फोनकडे कोणी बघतच नाही. रेंज उणे 110 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) इतकी क्षीण झाली की तो जोर लावून सिग्नल फेकतो, तेव्हा लिफ्टमध्ये, बेसमेंटमध्ये लांबलचक गप्पा मारायच्या तर इयरफोन लावा.