फोटॉनचा वेग आलेखवहीत असा मोजा

बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना फोटॉनबद्दल, म्हणजे प्रकाशाच्या कणाबद्दल, हा प्रश्न दर वर्षी येतोच: "सर, फोटॉनला वस्तुमान नाही हे कळलं. पण तो थोडा हळू का जात नाही?" ‘हलका आहे म्हणून जोरात पळतो’ हे उत्तर मला पटत नाही. त्यातून नेमका तोच एक वेग का, हे कळत नाही. म्हणून मी मुलांना आलेखवही उघडायला सांगतो.

काटकोन त्रिकोण काढा. पाया म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. उंची म्हणजे संवेग (मोमेंटम, गतीचा जोर) गुणिले प्रकाशवेग. कर्ण म्हणजे एकूण ऊर्जा. आइन्स्टाइनचं सूत्र इथे पायथागोरसच्या रूपात दिसतं. आता उंचीला कर्णाने भागा. प्रकाशवेगाच्या किती पट वेग आहे, ते मिळेल.

आधी इलेक्ट्रॉन घ्या. त्याचा पाया 0.511 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक), म्हणून 5.1 सेंटिमीटर आखा. उंचीही तेवढीच घेतली तर कर्ण 7.2 येतो आणि वेग 0.71 पट. उंची 20 केली की कर्ण 20.6, वेग 0.97 पट. इथे घाई करू नका, पट्टीने मोजूच द्या. उंची कितीही वाढवा, कर्ण तिच्यापेक्षा केसभर तरी मोठा राहतोच, कारण खाली पाया आहे. 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनना 15 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ऊर्जा दिली. न्यूटनच्या हिशेबाने वेग प्रकाशाच्या सातपटीहून जास्त यायला हवा होता. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगापाशीच अडला.

आता फोटॉन. त्याला वस्तुमान नाही, म्हणून खोडरबर घ्या आणि पाया लहान करत करत पुसून टाका. कर्ण उंचीवर जाऊन बसतो, भागाकार नेमका 1. उंची कमी करून बघा, तांबड्या प्रकाशाची असो की निळ्या प्रकाशाची, उत्तर 1 च. ऊर्जा घटली तर प्रकाशाचा रंग बदलतो, वेग तोच राहतो: सेकंदाला 29,97,92,458 मीटर.

काचेत प्रकाश मंदावतो, असं कोणीतरी म्हणेलच. तिथे काचेतले इलेक्ट्रॉनही त्या लहरीत सामील असतात. आपला त्रिकोण निर्वात पोकळीतला आहे.

शेवटी मुलांना थांबलेला फोटॉन काढायला सांगा. पाया शून्य, उंचीही शून्य. पेन्सिल टेकवायला कागदावर रेघच उरत नाही.