पक्कड हातात घेण्याआधी

जुन्या मोटरसायकलची वायरिंग बदलायची ठरली की हात आधी पकडीकडे जातो. तिथेच थांबा. टाकी आणि सीट काढा, हेडलाइटचा डबा उघडा आणि प्रत्येक जोडाचे फोटो काढा. मग चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर द्या. रंगावर जाऊ नका. वर्षानुवर्षांच्या तेलामुळे सगळ्याच तारा तपकिरी होतात, शिवाय आधीच्या मालकांनी हाताला लागेल तो तुकडा जोडलेला असतो. मी एकाच तारेवर तीन रंग पाहिले आहेत. तिन्ही तुकडे नुसते पिळून जोडलेले, वर इन्शुलेशन टेप. जुना हार्नेस (सगळ्या तारांची एकत्र बांधलेली जुडी) शक्यतो अखंड काढा आणि प्लायवूडवर पसरून खिळ्यांनी त्याचा आकार धरून ठेवा. नवा हार्नेस त्याच पाटावर बांधायचा आहे.

बॅटरीचं कोणतं टोक चॅसीला जोडलं आहे, हे खरेदीच्या आधी बघा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चॅसीला जोडलेलं असतं. लाल तार म्हणजे करंटची, या सवयीने मी एकदा बॅटरी उलटी लावली आणि ठिणगी दिसेपर्यंत रेक्टिफायर (एसी करंटचा डीसी करणारा भाग) गेला होता. आजची बरीच उपकरणं मायनस अर्थ गृहीत धरून बनवतात. फोनच्या चार्जरचंच बघा, त्याच्या यूएसबी केबलचं धातूचं टोक मायनसला असतं. प्लस अर्थच्या गाडीत ते हँडलला टेकलं की शॉर्ट. अर्थ बदलायचा असेल तर नुसती बॅटरी फिरवून भागत नाही. अ‍ॅमीटरच्या आणि स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या तारा अदलाबदल कराव्या लागतात, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) असेल तर तो नव्याने पोलराइझ करावा लागतो, म्हणजे त्याचे प्लस-मायनस पलटावे लागतात, आणि जुना रेक्टिफायर व व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा झेनर डायोड तसेच ठेवता येत नाहीत.

मग कागदावर वॅटची बेरीज मांडा. जुन्या डायनॅमोची ताकद बहुधा ६० वॅटच्या आसपास असते. त्यावर ६०/५५ वॅटचा हॅलोजन लावला तर सगळी कमाई एकटा दिवा खाईल आणि इग्निशन बॅटरीवर जगेल. ६ व्होल्टवरून १२ वर जाण्याचा फायदा तारांना होतो. ३६ वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ६ अँपियर लागतात, १२ वर ३. एलईडीने भार आणखी उतरतो, पण ती प्लस अर्थला चालणारी आहे का, हे विचारून घ्या. इंडिकेटर एलईडी केलेत तर फ्लॅशरही (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) इलेक्ट्रॉनिक घ्या, जुना थर्मल फ्लॅशर एवढ्याशा करंटवर नीट चालत नाही. आणि दोन्ही बाजूंना मिळून मीटरवर एकच खुणेचा दिवा असेल तर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतील. त्यावर करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड हा साधा उपाय आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल माझं मत जरा जुनाट आहे. मॅग्नेटो (चुंबकाच्या जोरावर स्पार्कची वीज स्वतःच बनवणारं यंत्र) धड असेल तर त्याला हात लावू नका, त्याला बॅटरी लागतच नाही. पॉइंटची (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कपट्ट्यांची) गाडी असेल तर इलेक्ट्रॉनिक किट बसवा, पण काढलेली पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर सीटखाली ठेवा. पॉइंट रुसले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून समजूत घालता येते, इलेक्ट्रॉनिक किटचा बंद डबा मेला की मेला. किटला किती ओहमची कॉइल लागते ते वाचा आणि आपली कॉइल मल्टिमीटरवर मोजा. प्लग कॅप रेझिस्टरवाली हवी, बहुतेक किट ५ किलो-ओहमची मागतात. स्पार्क बघताना प्लग इंजिनला घट्ट टेकलेला असू द्या, अधांतरी प्लगने युनिट जाऊ शकतं. टायमिंगसाठी, म्हणजे स्पार्क नेमक्या क्षणी पडतो का हे बघायला, स्ट्रोब लाइटची (स्पार्कच्या तालावर चमकणाऱ्या दिव्याची) सोय आधीच करून ठेवा.

तारा मुख्य लाइनसाठी २ चौरस मिलिमीटर, हेडलाइटला १ ते १.५, बाकी छोट्या दिव्यांना ०.७५ पुरते. सोल्डरपेक्षा क्रिंप (तारेच्या टोकावर थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून केलेला जोड) बरं. सोल्डर तारेत जिथवर झिरपतं तिथवर ती काडीसारखी ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते. रॅचेटचा क्रिंपर घ्या आणि प्रत्येक थिंबल दाबल्यावर ओढून बघा. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधी तारेत सरकवा, नंतर आठवून उपयोग नसतो.

अर्थला स्वतंत्र तार द्या. नुकत्याच रंगवलेल्या चॅसीत पावडर कोटिंगच करंट अडवतं, आणि आपण बसतो दिवा बदलत. इंजिन, हेडलाइट आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) या तिघांच्या तारा बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत आणा. हेडलाइटचा करंट जुन्या स्विचमधून न नेता रिलेमधून (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या भागातून) न्या: त्याच्या ८५-८६ क्रमांकाच्या टोकांवर स्विच, ३०-८७ वर दिवा. हार्नेस बांधण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा, मानेपाशी ढील हवीच.

मुख्य फ्यूज १५ अँपियरचा, बॅटरीला अगदी लागून, आणि अर्थ नसलेल्या टोकावर. पहिल्यांदा करंट सोडताना त्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. किल्ली बंद असताना तो लखलखीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण तार जळत नाही. एकेक जोड सोडत जा, विझला की जागा सापडली. मग फ्यूज बसवून किक मारा, रेस वाढवा आणि मीटर बॅटरीवर धरा. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १५ च्या वर काटा चढला तर लगेच इंजिन बंद करा आणि आधी रेग्युलेटरचा अर्थ तपासा.