बार्नॅकलची दाटी मोजताना: आलेले किती, टिकलेले किती

बार्नॅकल म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणारे, कवच असलेले छोटे समुद्री प्राणी. खडकावरील त्यांची दाटी कशामुळे कमी-जास्त होते हे शोधायचे असेल, तर नुसती एकूण संख्या मोजून भागत नाही. समजा, 10 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनात या महिन्यात 40 प्राणी होते आणि पुढच्या महिन्यातही 40च भरले; ते सगळे जुनेच असतील, किंवा 30 मेले आणि तितकेच नवे आले असेही असेल.

म्हणून प्रत्येक प्राण्याचा हिशेब ठेवावा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत स्क्रू पक्के बसवावेत, उधाणाच्या दिवसांत ओहोटी पुरती लागली की बरोबर वरून छायाचित्र घ्यावे आणि पारदर्शक कागदावर प्रत्येकाची जागा टिपावी. पुढच्या छायाचित्रावर तोच कागद ठेवला की टिकलेले, गेलेले आणि नवे असे तीन आकडे वेगळे निघतात.

‘नवे’ या आकड्यात मात्र मोठी फसगत आहे. बार्नॅकलची तिळाहून लहान अळी स्पर्शिकांवर चालत खडक चाचपते, जागा पसंत पडली की स्वतःला कायमची चिकटवून घेते आणि त्यांतल्या कित्येक काही दिवसांतच मरतात. महिन्याने मोजणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. त्याला दिसते ती भरती (समुद्राची नव्हे), म्हणजे नव्यांपैकी मोजणीपर्यंत जगलेल्यांची संख्या. अळ्या बसण्याच्या हंगामात निदान आठवडाभर तरी रोज मोजावे.

आता अर्थ लावणे. नवे थोडेच येत असतील, तर मोकळी जागा उरते आणि दाटी नव्यांच्या भरतीच्या मागोमाग चालते. नवे भरमसाट येत असतील, तर जागा संपते, शेजारी एकमेकांना खालून उचकटतात, आणि मग जगण्या-मरण्याला महत्त्व येते. गेन्स आणि रफगार्डन या संशोधकांनी 1985 साली कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागराच्या खडकांवरून नेमका हाच फरक दाखवला. मृत्यू शिकाऱ्यांमुळे होतात का, हे पाहण्यासाठी काही चौकोनांवर जाळीचा पिंजरा बसवावा. स्कॉटलंडमधील मिलपोर्टला संशोधक जोसेफ कॉनेल यांनी मांसाहारी गोगलगायींना असेच दूर ठेवले होते.

कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना खडकांवर उतरू नये, आणि त्या महिन्यांचे रकाने अंदाजाने न भरता कोरेच ठेवावेत.