बिऱ्हाड हलवताना: आधी नवं घर, मग खोकी

घर बदलायचं ठरलं की बहुतेकजण आधी खोकी गोळा करायला लागतात. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. सामान बांधलं झटपट, चढवलं झटपट. मग रात्री साडेदहाला नव्या घरात पलंगाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या आणि त्यांचे आठ बोल्ट कुठल्या खोक्यात आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. गाद्या जमिनीवर अंथरून झोपलो. बोल्ट तीन आठवड्यांनी सापडले, बुटांच्या खोक्यात, एका मोज्यात. हरवू नयेत म्हणून मीच मोठ्या हुशारीने तिथे ठेवले होते.

तेव्हापासून बांधाबांध करताना मी खोकं उघडणाऱ्याचा विचार आधी करतो. तो दमलेला असतो, त्याला दिव्याचं बटणही नीट सापडत नसतं, आणि तो बहुधा आपणच असतो.

टेप घेऊन नव्या घरात जा

जमल्यास सहा-आठ आठवडे आधी नव्या घरात एक चक्कर मारा आणि मोजमापं घ्या. खोल्यांची घ्याच, पण अडचण होते ती वाटेत. दाराची रुंदी मोजताना चौकट मोजून थांबू नका. दार उघडल्यावर त्याची जाडी चौकटीतलीच थोडी जागा खाते, म्हणून दार पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा. तीन-चार सेंटिमीटरसाठी कपाट अडत असेल तर बिजागऱ्या काढून दार उतरवता येतं, पण हे आधी कळलेलं बरं. जिन्याचं वळण, तिथल्या छताची उंची, लिफ्टचं दार आणि लिफ्ट आतून किती खोल आहे हेही लिहून घ्या. मग जुन्या घरी येऊन सोफा, कपाट, फ्रिज आणि पलंगाची सर्वांत लांब फळी मोजा.

आता कागदावर नव्या घराचा ढोबळ नकाशा काढा. प्रत्येक खोलीला एक अक्षर द्या: अ, ब, क. मोठ्या वस्तू कुठे जाणार ते त्यावर मांडा आणि विजेचे पॉइंट, वॉशिंग मशीनचा नळ, पाणी जायची जागा यांच्या खुणा करा. नकाशा सुबक नसला तरी चालेल. पुढचं सगळं काम याच कागदावर चालतं.

आवराआवर

‘वर्षभर वापरलं नाही ते टाका’ हा सल्ला मला कधी पाळता आला नाही. त्यापेक्षा वस्तू हातात घेऊन ‘नकाशात हिची जागा कुठे?’ असं विचारा. उत्तर आलं नाही, तर ती द्यायच्या, विकायच्या किंवा टाकायच्या ढिगात. वाहतुकीचे पैसे जागा, वजन आणि अंतर यांवर ठरतात, त्यामुळे न नेलेलं प्रत्येक खोकं बचतीचंच. सुरुवात माळ्यावरून करा, कारण तिथल्या सामानावाचून रोजचं काही अडत नाही. फोटोंचा डबा मात्र शेवटपर्यंत उघडू नका. तो उघडला की ती दुपार गेली.

गाडी ठरवताना

फोनवर सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. दोन-तीन ठिकाणच्या लोकांना सामान प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर दाखवा आणि दर लेखी घ्या. पलंग-कपाटं सोडणं-जोडणं, मजले चढवणं, गाडी दारापर्यंत आली नाही तर सामान चालत वाहणं, हे त्यात धरलंय का ते विचारा. विमा घेत असाल तर आणखी एक विचारा: आपण स्वतः बांधलेल्या खोक्यातल्या वस्तू फुटल्या तर भरपाई मिळते का? अनेकदा मिळत नाही. गॅस सिलिंडर, पेट्रोल, थिनर, फटाके, काडेपेट्या यांतलं काहीही सामानाच्या गाडीत चढवू नका.

खोकी भरताना

पुस्तकं लहान खोक्यात, उशा-पांघरुणं मोठ्या खोक्यात. उलट केलंत तर पुस्तकांचं खोकं उचलताच तळ फाटतो. एका खोक्याचं वजन साधारण 15 किलोंच्या आत ठेवा. तळाला चिकटपट्टी फक्त मधल्या फटीवर लावून भागत नाही, दोन्ही कडांवरही आडवी लावा.

ताटल्या आडव्या रचायचा मोह होतो, पण मग वरच्या सगळ्यांचा भार आणि रस्त्यावरचा प्रत्येक दणका तळच्या ताटलीला बसतो. म्हणून एकेक ताटली कागदात गुंडाळून उभी ठेवा. छापील कागदाची शाई पांढऱ्या भांड्यांना लागते, तेव्हा आतला थर कोऱ्या कागदाचा हवा. मधल्या पोकळ्यांत टॉवेल, चादरी कोंबा. खोकं बंद करण्याआधी हलकेच हलवून बघा. खडखड आली तर अजून भरायला जागा आहे.

खोक्यावरचा मजकूर झाकणावर नव्हे, शेजारशेजारच्या दोन बाजूंवर लिहा. थप्पी लागली की झाकण दिसत नाही. ‘ब-7’ इतकंच लिहा, म्हणजे ब खोलीतलं सातवं, आणि आत काय आहे ते वहीत. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असं मात्र वहीतसुद्धा लिहू नका. ज्याची गरज पडते ते नेमकं ‘किरकोळ’मध्येच असतं.

सोडलेल्या फर्निचरचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच फर्निचरला बांधा. पिशवी मोज्यात नको.

यंत्रांची तयारी

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा आणि बर्फ वितळू द्या. तो गाडीत उभाच न्यावा. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत उतरू शकतं. अशा वेळी पोचल्यावर तो निदान जितका वेळ आडवा होता तितका वेळ उभा ठेवा, प्रवास लांबचा असेल तर 24 तास, आणि मगच चालू करा.

पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसोबत आलेले वाहतुकीचे बोल्ट शोधून मागे बसवा. त्यांच्याशिवाय आतला ड्रम गाडीत हेलकावत आदळतो. नळ्या आणि फिल्टरमधलं पाणी काढून टाका. नव्या जागी मशीन सुरू करण्याआधी तेच बोल्ट आठवणीने काढा. टीव्ही उभाच न्या, पडद्यावर कसलाही दाब नको. मागच्या वायरी सोडण्याआधी त्यांचा फोटो काढा आणि कॉम्प्युटरमधल्या कामाच्या फाइलींची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवा.

जे गाडीत जाणार नाही

कागदपत्रं, दागिने, रोख, किल्ल्या, रोजची औषधं आणि चष्मा आपल्या हातात. शिवाय पहिल्या रात्रीची एक पिशवी वेगळी भरा: चादरी, कपड्यांचा एकेक जोड, साबण, टॉवेल, फोनचे चार्जर, टॉर्च, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, पाना, दिव्याचा एखादा बल्ब, टॉयलेट पेपर. कात्रीला हसू नका. चिकटपट्टी लावलेली चाळीस खोकी आणि कात्री त्यांतल्याच एकात, हेही आमच्याकडे झालं आहे.

वीज, पाणी, इंटरनेट, बँक, शाळा यांना नवा पत्ता कळवायचं काम पंधरा दिवस आधी करून टाका.

गाडीचा दिवस

शक्य असेल तर दोघांनी वाटणी करा: एकजण जुन्या घरी, दुसरा नव्या. नव्या घरच्याने प्रत्येक खोलीच्या दारावर तिचं अक्षर चिकटवावं, म्हणजे उचलणाऱ्यांना दर खेपेला ‘हे कुठे?’ विचारावं लागत नाही. जड सामान आधी, गाडीच्या पुढच्या भिंतीकडे आणि तळाशी. पलंगाचे भाग आणि गाद्या शेवटी चढवा, म्हणजे त्या आधी उतरतील. जुनं घर सोडताना मीटरचे आकडे आणि रिकाम्या खोल्या यांचे फोटो काढा, आणि दारामागे व माळ्यावर एकदा डोकवा.

सामान उतरताना वही घेऊन दारात उभे राहा आणि प्रत्येक क्रमांकावर टिक करा. पावतीवर सही त्यानंतर. एखादं खोकं चेपलेलं किंवा ओलं दिसलं तर तेही पावतीवर लिहा, फोटो काढा. तक्रारीची मुदत बहुधा थोडी असते, म्हणून फुटण्याजोगी खोकी पहिल्या दोन दिवसांतच उघडून बघा.

त्या संध्याकाळी मात्र फक्त पलंग जोडा, चादरी घाला आणि न्हाणीघर वापरण्याजोगं करा. बाकीची खोकी आपापल्या खोलीत पोचली आहेत, ती कुठे जात नाहीत.