ड्युसेलडॉर्फमध्ये अस्सल जपानी जेवण कसं शोधाल?

जर्मनीत चांगलं जपानी जेवायचं असेल तर ड्युसेलडॉर्फला जा. १९५० च्या दशकापासून जपानी कंपन्या इथे येत गेल्या, माणसं बायकामुलांसह राहिली आणि त्यांच्या जेवणाची सोयही झाली. मुख्य स्टेशनसमोरूनच इमरमानश्ट्रासे हा रस्ता सुरू होतो. तो आणि आजूबाजूच्या गल्ल्या पायी पालथ्या घाला.

दारावरचा मेन्यू आधी वाचा. सुशी, थाई करी आणि व्हिएतनामी सूप एकाच कार्डावर दिसलं की सरळ पुढे चला. चांगली जागा बहुधा एकाच प्रकारात मुरलेली असते: कुठे फक्त रामेन (रश्श्यातल्या नूडल्स), कुठे उदोन (जाड गव्हाच्या नूडल्स), कुठे इझाकाया, म्हणजे पेयांसोबत छोट्या डिश देणारी. भिंतीवर जपानीत लिहिलेले दिवसाचे पदार्थ आणि आत जेवणारी जपानी मंडळी, या खुणा मला गुगलच्या स्टारपेक्षा जास्त भरवशाच्या वाटतात. दुपारी 'तेइशोकू' मागा. भात, मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं), लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट येतं, रात्रीपेक्षा बरंच स्वस्तात.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट नक्की विचारा: 'दाशी', म्हणजे सूप-रश्श्याचा मूळ अर्क, कशाची आहे? मिसो सूप दिसायला निव्वळ शाकाहारी, पण त्यातल्या दाशीत बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. रामेनचा रस्सा तर अनेकदा डुकराच्या हाडांचा. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, मासाही नको हे वेगळं सांगा.

रामेनच्या दुकानांबाहेर जेवणाच्या वेळी रांग लागते, म्हणून थोडं आधीच पोहोचा. खिशात रोख युरो ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.